गुलाल बाहेर ठेवा, गप्पा आत आणा
(कॅन्सर वॉर्डात भेटायला येणाऱ्या समस्त मंडळींना एका कंडक्टरचं खुलं पत्र)

माझे सगळे पाहुणेरावळे, पेठेतले शेजारी, तालमीतली पोरं आणि डेपोतले दोस्त यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या आषाढापासून आजपर्यंत मी ९६ दिवस दवाखान्यात काढले. पहिले ३४ सलग, बाकीचे तुकड्यातुकड्यानं. आजाराचं नाव ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, मांडीवर न आपटताच काळेनिळे डाग उठले, आणि एक दिवस तिकिटाची पिशवी खांद्याला जड झाली. बाकी सगळं तुम्हाला माहीतच आहे, कारण तुम्ही आलात. माझ्या लग्नाला आला नव्हता एवढे आलात. एका रविवारी वॉचमननं मोजले तर सदतीस भरले. बावीस वर्षं शहर बसमध्ये कंडक्टरकी केली, गर्दीचं मला नवल नाही. पण आपण आडवं पडून गर्दीकडं बघायचं, हे पहिल्यांदाच घडलं.

तर हे पत्र तक्रारीचं आहे आणि उपकार मानायचंही. आधी तक्रार, कारण ती लांबली तर आभार विसरून जातील असं नाही, पण आभार आधी मानले तर तक्रार करायला जीभ रेटणार नाही.

तक्रार अशी, की तुमच्यातला जवळजवळ प्रत्येकजण दारातनं आत आला आणि म्हणाला, "आनंदी राहा." कोण म्हणालं, "हसत राहा, निम्मा आजार मनाचाच असतो." कोण म्हणालं, "पॉझिटिव्ह राहा, बाकी काय नाय." मला मोजायची खोड आहे. दिवसअखेरी तिकिटांची टोटल मारावी तशी मी ही वाक्यं मोजायचो. एका दिवसाचा विक्रम अकरा.

त्या अकराच्या दिवशी माझी अवस्था काय होती ते सांगतो. या आजारात पहिली केमो 'सात-तीन' म्हणून देतात. एक औषध सात दिवस, चोवीस तास सलाईनमधून चालू; त्यातले तीन दिवस जोडीला दुसरं, लालभडक. ते लाल औषध गेलं की लघवीसुद्धा लाल होते. मी बायकोला म्हणालो, "बघ, तांबडा रस्सा." ती हसली नाही. पुढं दहा-बारा दिवसांनी औषधाचा खरा हिसका कळतो. तोंडात, घशात, जिभेखाली फोड. मिठाच्या आणि सोड्याच्या पाण्यानं दिवसातनं सहा वेळा चूळ. थुंकी गिळायची म्हणजे काचा गिळल्यासारखं. अशा वेळी दाजी आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "असं तोंड पाडून बसू नका, जरा हसा बघू." दाजी, हसायला तोंड लागतं. माझे ओठ हसलं की फुटत होते. मी तुमच्याकडं पाठ फिरवून झोपल्याचं सोंग केलं, त्याचा राग धरू नका.

आता वॉर्डातली खरी भाषा. तिथं कोण 'कसं वाटतंय' विचारत नाही, 'काउंट किती' विचारतात. केमोनं वाईट पेशींबरोबर चांगल्याही धुऊन निघतात. चांगल्या माणसाच्या रक्तात पांढऱ्या पेशी चार हजार ते अकरा हजार. माझ्या दोनशेवर आल्या होत्या. प्लेटलेट दीड लाखाच्या वर पाहिजेत. दहा हजारांच्या खाली गेल्या की बाहेरून चढवतात. नेमका तेव्हाच आषाढातला पाऊस लागला होता आणि अख्खं कोल्हापूर एकमेकाला विचारत होतं, "राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट?" ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे आपल्याकडं शाळेतलं पोरसुद्धा सांगतं. वॉर्डात सकाळी दोन्ही आकडे एकदमच यायचे: मोबाइलवर पंचगंगेचे फूट, सिस्टरच्या हातातल्या कागदावर आमचे काउंट. तिकडं उतरायची वाट बघायची, इकडं चढायची.

त्यावर आम्ही पैज लावली. मी पाच नंबरच्या बेडवर. चार नंबरला हातकणंगल्याकडचा एक ट्रॅक्टर चालवणारा पोरगा, सत्तावीस वर्षांचा. सहा नंबरला एक आजोबा, त्यांच्या तोंडून चांगला शब्द निघाला तर वॉर्डबॉय वळून बघायचा. कामाच्या पांढऱ्या पेशी पाचशेच्या वर ज्याच्या आधी जातील त्याला उरलेल्या दोघांनी मिसळ घालायची, कट कितीही. तोंडात फोड असलेल्या तीन माणसांनी मिसळीची पैज लावावी, याला काय म्हणायचं ते म्हणा. त्या दिवशी मात्र आम्ही खरे हसलो. कुणी सांगितलं नव्हतं.

चार नंबरचा पोरगा आमच्यात सगळ्यात आनंदी. राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांची नक्कल अशी करायचा की एकदा खुद्द डॉक्टरच दारात उभे राहून बघत होते. श्रावणाच्या सुरुवातीला त्याला ताप आला, फुफ्फुसात बुरशीचं इन्फेक्शन निघालं, आणि चौथ्या दिवशी बेड रिकामा झाला. सहा नंबरचे आजोबा सुनेला, सलाईनला आणि पंख्याला शिव्या देत देत बरे होऊन घरी गेले.

आणि पोराचा बेड रिकामा झाला त्याच दिवशी कॉरिडॉरमध्ये, माझ्या दाराबाहेर, कुणीतरी म्हणालं, "शेवटी शेवटी हिंमत सोडली असणार त्यानं." कोण म्हणालं ते मला ठाऊक आहे, नाव घेत नाही. फक्त एवढंच विचारतो, बुरशीनं धरलेल्या फुफ्फुसाला हिंमत कुठल्या बाजूनं द्यायची असते?

मी ते डॉक्टरांना विचारलंच. रात्रीच्या ड्यूटीचे तरुण डॉक्टर, बोलायला मोकळे. म्हणालो, मला सारखं हसायला येत नाही, मग माझं काय होणार? ते स्टूल ओढून बसले. त्यांनी सांगितलं की यावर रीतसर अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या हजारावर रुग्णांकडं बघितलं, २००७ साली ते छापून आलं. मन उल्हसित असलेले रुग्ण जास्त जगले आणि खचलेले कमी, असं काही त्यात दिसलं नाही. "तुम्ही जेवा, चूळ भरा, चाला, ताप आला की लगेच सांगा. एवढं तुमच्या हातात. मूड हे काही औषध नाही," असं ते म्हणाले.

तुम्हाला वाटेल हे ऐकून मी खचलो. उलट, छातीवरचं ओझं कुणीतरी उचललं. म्हणजे रडलं तर काउंट पडत नाहीत! त्या रात्री उशीत तोंड घालून पोटभर रडलो. सकाळी रिपोर्ट आला. दोनशे होते, दोनशेच.

एक मात्र डॉक्टरांनी बजावलं, तेही सांगून टाकतो. दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवणावर वासना नाही, कुणाशी बोलावंसंच वाटत नाही, असं झालं तर ते दडवायचं नाही. त्यालाही इलाज असतो. माझंही मधे तसं झालं. समुपदेशक मॅडम येऊन बोलल्या, एक बारकी गोळी रात्रीला लागली. काम झालं. यात लपवण्यासारखं काय आहे?

तालमीच्या पोरांनो, आता तुमच्याकडं येतो. तुमचा बॅनर मिळाला. 'कॅन्सरला चीतपट करणारा पेठेचा वाघ.' फोटो वीस वर्षांपूर्वीचा शोधून काढलात, त्याबद्दल शाब्बास. पण मी लहानपणी तुमच्याच तालमीच्या मातीत लोळलोय, म्हणून सांगतो. कुस्तीत जोड बघून लावतात. समोरचा दिसतो, त्याचा घाम लागतो, पंच असतो, शिट्टी असते. इथं मी पडून आहे, सलाईन चालू आहे आणि जे काही चाललंय ते हाडाच्या आत, मज्जेत. मी त्यात आखाड्याएवढाच, ज्याच्यावर कुस्ती होते तो. उद्या निकाल उलटा लागला तर तुम्हीच म्हणणार, गडी दमात कमी पडला. ती चार नंबरच्या पोराची गोष्ट पुन्हा माझ्या दारात नको. बॅनर उतरवा. फ्लेक्सचं कापड वैनीला द्या, पावसाळ्यात जळणावर टाकायला होईल.

आता गुलालाची गोष्ट. ही जरा सावकाश सांगणार आहे.

श्रावण षष्ठीला आई जोतिबाच्या डोंगरावर गेली. वय चौऱ्याहत्तर. गर्दीत उभी राहिली, गुलाल-खोबरं घेतलं आणि तशीच, पायऱ्यांचा चिखल पावलांना घेऊन, संध्याकाळी वॉर्डाच्या दारात. पदराच्या गाठीत गुलालाची पुडी. सिस्टरनं अडवलं.

"आत्ती, हे आत न्यायचं नाय."

"देवाचं हाय गं बाई. एक बोट लावतो आन् जातो."

मी काचेतून बघत होतो. सिस्टर गडहिंग्लजकडची. तिनं आईशी वाद घातला नाही. हात धुतले, ओंजळ पुढं केली, पुडी घेतली, कपाळाला लावली आणि हळूच "चांगभलं" म्हणाली. मग लॅबला रक्ताच्या बाटल्या पाठवायची ती प्लास्टिकची चेनवाली पिशवी असते, त्यात पुडी घातली, चेन लावली, वर स्टिकर चिकटवून पेननं लिहिलं, 'बेड ५', तारीख, वेळ. आणि ती पिशवी माझ्या दाराच्या काचेला बाहेरून चिकटपट्टीनं लावली. आईनं बाहेरूनच काचेवर बोट टेकलं, जिथं माझं कपाळ दिसत होतं तिथं.

एकोणीस दिवस तो गुलाबी चौकोन माझ्या डोळ्यासमोर होता. काउंट वर येऊन घरी सोडलं त्या दिवशी दवाखान्याच्या गेटबाहेर, रिक्षात बसायच्या आधी, आईनं चेन उघडली. तोंडावरचा मास्क काढू दिला नाही, सिस्टरनं तसं बजावलं होतं. फक्त एक बोट, कपाळाला.

हे सांगायचं कारण, गुलाल, भंडारा, अंगारा, हार-फुलं, कुंडीतलं रोप, या सगळ्यांत धूळ असते आणि धुळीत बुरशी. तुमच्या-आमच्या अंगातल्या पांढऱ्या पेशी ती दारातच धरतात. दोनशे काउंटच्या माणसाकडं गेटवर वॉचमनच नसतो. देव रागावत नाही, माझ्या आईचा तरी रागावला नाही.

तसंच दुधाचं. गंगावेशच्या कट्ट्यावरनं मामा रोज पहाटे म्हशीचं धारोष्ण दूध काढून, फेस तसाच, किटलीतनं घेऊन येत होते. "पैलवान ह्याच्यावर उभे राहिलेत," असं म्हणत. मामा, पैलवानांचे काउंट चांगले असतात. मला कच्चं काही चालत नव्हतं: न उकळलेलं दूध नाही, कोशिंबीर नाही, उघड्यावर कापलेलं फळ नाही. तुमचं दूध खाली वॉचमनची चार पोरं पीत होती, वाया गेलेलं नाही.

मग आनंद कुठनं आला? आला, खोटं कशाला बोलू. पण तो असा बाजूच्या दारानं आला.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. रात्री दहानंतर कॉरिडॉर मोकळा असतो. सलाईनचा स्टँड हातात धरून चालायचं. त्याचं एक चाक कुरकुरतं. वॉर्डाच्या दारापासून लिफ्टपर्यंत चौऱ्याऐंशी पावलं. दुसऱ्याच फेरीला तोंडातनं आपोआप निघालं, "चला, दाभोळकर कॉर्नर, दाभोळकर कॉर्नर!" बावीस वर्षांची जीभ आहे, ती फोड आले म्हणून थोडीच गप्प बसणार. मग रूटच ठरला. वॉर्डाचं दार म्हणजे मध्यवर्ती स्टँड. पाण्याचा कूलर दाभोळकर कॉर्नर. औषधांची ट्रॉली दसरा चौक. नर्सिंग स्टेशन बिंदू चौक, कारण तिथं कायम गर्दी आणि भाषण. लिफ्ट रंकाळा. खरा रूट असा नाही हे डेपोतल्यांनी मला शिकवू नये.

गडहिंग्लजची सिस्टर मान वर न करता म्हणाली, "एक रंकाळा द्या."

"सुट्टे?"

"नायत."

"मग उतरा."

तिनं इंजेक्शनच्या खोक्याचा एक कपटा फाडून माझ्या हातात ठेवला. तो मी तिकीट म्हणून फाडला आणि अर्धा परत दिला. तेवढ्यात माझा सलाईनचा पंप वाजला, टिंग टिंग. डबल बेल. गाडी सोडली.

तिसऱ्या रात्री माझ्या मागं दोन स्टँड होते. आजोबांना खोलीबाहेर पडायची परवानगी मिळाली होती, ते "ए, गाडी हळू घे की" म्हणून ओरडत होते आणि मला म्हातारपणी फुकट पास असल्याचं सांगत होते. चार नंबरचा पोरगा तेव्हा होता. तो पुढं जाऊन ड्रायव्हर झाला, तोंडानं गिअर टाकायचा. उताराला न्यूट्रल.

हे तुमच्यापैकी कुणी बघितलं नाही, कारण भेटायची वेळ चार ते सहा. त्या वेळात आम्ही तुमच्यासाठी आजारी असायचो.

म्हणून आता मागण्या. मी युनियनचा माणूस आहे, मागण्या मांडता येतात.

पहिली मोठी मागणी तालमीच्या पोरांकडं. माझ्यासाठी रक्तदान शिबिर घेतलंत, एका दिवसात बाटल्यांचा ढीग लावलात. कुणाच्या तरी कामी आलं असणार, पुण्य आहेच. पण मला लागत होत्या प्लेटलेट, आणि प्लेटलेट पाच दिवसांच्या वर टिकत नाहीत. शिबिराच्या आठवड्यात सुकाळ, त्याच्या पुढच्या आठवड्यात माझी बायको फोन घेऊन जिन्यात बसलेली. मशीनवर एकाच माणसाच्या प्लेटलेट काढून घेतात, त्याला एसडीपी म्हणतात. तास-दीड तास लागतो, लाल रक्त परत अंगात सोडतात. साधं रक्त दिलं की पुरुषाला तीन महिने थांबावं लागतं. प्लेटलेट दिल्यावर दोन दिवसांनीसुद्धा परत चालतात, मात्र आठवड्यात दोनदाच्या वर आणि वर्षात चोवीसच्या वर नाही. आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेली नको. तेव्हा एकदम पन्नासजण येऊ नका. गणपतीच्या आरतीची पाळी लावता तशी वहीत पाळी लावा, दिवसाला एक, जोडीला एक राखीव. फोटो काढायचा तर काढा, माझी हरकत नाही.

दुसरं, बायकोला एक रात्र झोप द्या. तुमच्यातल्या सदतीसजणांनी तिला "काळजी घे गं" म्हणून सांगितलं, आणि "आज मी बसतो, तू घरी जा" म्हणणारी एकटी आक्का निघाली. आरोग्य योजनेच्या कागदांसाठी, रेशनकार्डाच्या झेरॉक्ससाठी कुणीतरी रांगेत उभं राहायला पाहिजे असतं, तेही हेच काम. सर्दी-खोकला असेल तर फोनवरच भेटा. आत आलात तर मास्क आणि साबणानं हात, मग नंतर सगळं.

आणि आत आल्यावर बोलायचं काय, ते माझ्या ड्रायव्हरकडनं शिका. बावीसपैकी चौदा वर्षं आम्ही एका गाडीवर. तो आला, बसला, आणि अर्धा तास नव्या गाडीच्या क्लचला शिव्या घातल्या. मग डेपोत कुणाची कुणाशी खडाजंगी झाली ते. मग शाहू स्टेडियमला अमुक पेनल्टी कशी दिलीच कशी पंचानं, ते. माझ्या जागी आलेला नवा कंडक्टर हिशोबात रोज बारा-पंधरा रुपयांनी चुकतो, हे ऐकून मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येत नाही. आजाराचं अक्षर नाही. उठताना फक्त म्हणाला, "तुझी सीट पुसून ठेवलीय." गेला. माझ्यासमोर भांडा, उसने पैसे कोण देईना ते सांगा, लग्नात कोण रुसलं ते सांगा. माझं जग चौऱ्याऐंशी पावलांचं झालं होतं, मला बाकीचं कोल्हापूर पाहिजे होतं.

आणि मी गप्प असलो तर गप्प बसा. पाच मिनिटं शांत बसलं म्हणून कुणाला मेमो मिळत नाही.

राहिले आभार. ते खरंच राहिलेत का बघा. आक्का, ड्रायव्हर, वहीत पाळी लावायच्या आधीही तीन वेळा येऊन प्लेटलेट देऊन गेलेला तो मिरजकर तिकटीचा पोरगा, ज्याचं नावसुद्धा मला नंतर कळलं, आणि मामा, किटलीसकट. माझ्या डब्यात मीठ कमी म्हणून रोज फोनवर बायकोशी भांडणारी शेजारची काकू. तुम्ही आला नसता तर मला हे पत्र लिहायला काहीच नव्हतं.

येत्या सोमवारी शेवटच्या डोससाठी परत ॲडमिट होतोय. त्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काउंट पडतील, म्हणजे तेव्हा पाळीच्या वहीत नावं पाहिजेत. एकही वार रिकामा ठेवू नका. काल आजोबांचा फोन आला होता. पैज ते जिंकलेत. "मिसळ कवा घालतोस? आन् त्या पोराच्या वाटणीची पण तूच घालायची, मी सोडत न्हाई," एवढं बोलून फोन ठेवला.

आपला,
बेड नंबर पाच
(मंगळवार पेठ)

ता. क. मामा, परवा घरी पाठवलेलं गंगावेशचं दूध पोहोचलं. दोन वेळा उकळून प्यालो. साय बायकोनं खाल्ली.